रोजचा कोरडा फडका थांबवा: गाडीच्या रंगाची घरच्या घरी निगा

गाडी रोज पुसून घेतो, तरी वर्षभरात चमक का गेली? पॉलिश करायचं की वॅक्स लावायचं, की दोन्ही एकच? शोरूमवाले म्हणतात, कोटिंग आत्ताच करून घ्या, नंतर उपयोग नाही. हे खरं का? गाडीच्या रंगाबद्दल वाचक पुन्हा पुन्हा हेच तीन प्रश्न विचारतात. तिन्हींचं उत्तर एकाच गोष्टीपाशी येतं. आपल्याकडे गाडीच्या रंगाचं सर्वाधिक नुकसान ऊन-पावसापेक्षा आपल्या पुसण्यानेच होतं. त्यामुळे काय लावायचं हे ठरवण्याआधी काय थांबवायचं ते ठरवा.

एक छोटी तपासणी आजच करून पाहा. रात्री पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च थोडा तिरका धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती गोल गोल बारीक रेषांचं जाळं दिसलं, तर तो पुसण्याचा पुरावा आहे. गडद रंगाच्या गाडीवर ते लगेच डोळ्यांत भरतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ते असतंच, फक्त लपतं.

रंग किती जाड असतो?

पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. चमक याच थरात असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवण्याचं कामही हाच थर करतो. कारखान्यातून आला तेवढाच हा थर. पुढे तो घटतो, वाढत नाही.

क्लिअर कोटला मुदत ठेव समजा. पॉलिश करणं म्हणजे त्या मुद्दलाला हात घालणं. गरज पडली तर जरूर घाला, पण दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणं बंद करा.

काही गाड्यांच्या साध्या, धातूची झाक नसलेल्या रंगांवर वेगळा क्लिअर कोट नसतो. ओळखायचं असेल तर दाराच्या आतल्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी थोडं पॉलिश चोळून बघा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर वर क्लिअर कोट नाही. गाडी पांढरी असेल तर फडका काळा घ्या, नाहीतर काही कळणार नाही.

सकाळचा कोरडा फडका

शहरातल्या बहुतेक सोसायट्यांत पहाटे गाड्या पुसायला कुणीतरी येतं. एक बादली, एक-दोन फडके आणि डझनभर गाड्या. पहिल्या गाडीची धूळ त्याच फडक्यातून शेवटच्या गाडीपर्यंत जाते. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत नुसती माती नसते; खडीचा चुरा, वाळू आणि बांधकामाचं सिमेंटही असतं. कोरड्या किंवा नुसत्या ओलसर फडक्याने पुसलं की हे कण रंगावरून घासत जातात. रोजचा ओरखडा दिसत नाही. वर्षभराचे एकत्र दिसतात.

यात पुसणाऱ्या माणसाचा दोष नाही. एका गाडीला पाच मिनिटं आणि अर्धा तांब्या पाणी, एवढ्यात याहून वेगळं कुणीच करू शकणार नाही. म्हणून त्याचं काम बंद करू नका, कामाची पद्धत बदला. त्याच्याशी बसून बोला आणि एवढं ठरवा:

- रोज फक्त काचा, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट पुसायची. पत्र्याला हात लावायचा नाही.
- आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने पूर्ण धुवायची. महिन्याचे पैसे ठरलेले तेवढेच.
- बादल्या आणि फडके तुम्ही द्यायचे, आणि ते फक्त तुमच्याच गाडीला वापरायचे.
- टायरचा फडका वेगळ्या रंगाचा ठेवायचा, म्हणजे अदलाबदल होत नाही.

डिकीत ठेवलेला झुपकेदार डस्टरही याच वर्गातला. नवीन असताना तो धूळ धरून ठेवतो, हे खरं. पण ती धूळ धरूनच तो पुढच्या वेळी रंगावर फिरतो. तो डॅशबोर्डसाठी ठेवा. धुळीची गाडी चालवली तर काही बिघडत नाही, धुळीची गाडी कोरडी पुसली तर बिघडतं.

घरी धुताना

सामान फार लागत नाही: दोन बादल्या, मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा, गाडीसाठीचा पीएच-न्यूट्रल शॅम्पू, वाळवायला एक मोठा जाड टॉवेल आणि चार-पाच लहान मायक्रोफायबर. वेळ सकाळी लवकरची किंवा ऊन उतरल्यावरची. बॉनेटला हाताची मागची बाजू लावून बघा. चटका बसत असेल तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू आणि पाणी दोन्ही क्षणात वाळतात आणि डाग धरतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात तर सूर्योदयाआधीची वेळच खरी.

१. चाकं आधी धुवा, वेगळ्या ब्रशने आणि वेगळ्या पाण्याने. ब्रेकमधून झिजलेली लोखंडाची भुकटी चाकांवर बसलेली असते. चाकाला वापरलेलं काहीही पत्र्याला लागू देऊ नका.

२. नंतर पूर्ण गाडीवर पाणी मारा आणि चिखल मऊ होऊ द्या. हात न लावता जेवढी माती वाहून जाईल तेवढी जाऊ द्या. या टप्प्याला सगळ्यांत जास्त वेळ द्या. प्रेशर वॉशर असेल तर नोझल फुटभर लांब ठेवा. पूर्वी रंगकाम झालेल्या भागाच्या कडा, उडालेले टवके, दारांची रबरं आणि पार्किंग सेन्सर यांवर जवळून धार मारू नका. सुटत आलेला रंग त्या धारेने सोलून निघतो.

३. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शॅम्पूत. टपापासून सुरुवात करा आणि खाली उतरत या. दारांचा खालचा पट्टा आणि बंपर सगळ्यांत शेवटी, कारण खडी-माती तिथेच जास्त असते. हात गोल फिरवू नका, सरळ चालवा. दाब अजिबात देऊ नका.

४. एक भाग झाला की लगेच पाणी मारा. फेस वाळू देऊ नका.

५. वाळवताना टॉवेल पत्र्यावर पसरा आणि हळूच ओढून घ्या. घासून पुसण्याची गरज नाही.

अर्धी गाडी झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. तिथे काळसर रेतीचा थर साचलेला दिसेल. एकच बादली वापरली असती, तर ती रेती पुन्हा हातमोज्यातून बॉनेटवर गेली असती. दोन बादल्यांचं कारण विचारणाऱ्या घरातल्यांना हा तळ दाखवा.

कपड्यांची पावडर आणि भांड्याचा साबण वापरू नका. ते तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे लावलेलं वॅक्स एकाच धुण्यात निघून जातं. वारंवार वापरले तर रबरं आणि काळं प्लास्टिक पांढरट पडतं. डिझेल किंवा रॉकेलचा हात मारून गाडी चमकवण्याची रीत अजून ठिकठिकाणी दिसते. ती चमक तेलाची असते. दुसऱ्या दिवशी तीच धूळ ओढून घेते.

मायक्रोफायबरचे फडके इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. सुती कपड्यांचे धागे त्यात अडकतात. कपडे मऊ करणारं कंडिशनर तर नकोच, त्याने त्यांची पाणी शोषण्याची ताकद जाते. आणि जमिनीवर पडलेला फडका, कितीही झटकलात तरी, त्या दिवशी पुन्हा रंगाला लावायचा नाही. या एका नियमाबाबत मी कुणालाही सूट देत नाही.

बोअरचं पाणी आणि आरओचं वाया जाणारं पाणी

धुतलेली गाडी वाळल्यावर पांढरे गोल ठिपके दिसतात, ते पाण्यातल्या क्षारांचे. बोअरवेलचं पाणी जड असतं. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पत्र्यावर राहतात. उन्हात तापले की ते क्लिअर कोटमध्ये रुततात आणि मग साध्या धुण्याने निघत नाहीत.

पाण्याची बचत म्हणून बरीच कुटुंबं आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी साठवून त्याने गाडी धुतात. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. यंत्राने गाळून काढलेलं सगळं त्यातच आलेलं असतं. ते फरशी पुसायला किंवा टायर धुवायला वापरा, पत्र्यासाठी नको.

घरी बोअरचंच पाणी असेल तर दोन गोष्टी करा. शेवटचा हात शक्य असल्यास नळाच्या पाण्याचा द्या, एक बादली पुरते. आणि पाणी आपोआप वाळायची वाट न बघता लगेच टॉवेलने टिपून घ्या. आधीच ठिपके पडले असतील, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून सावलीत ओल्या फडक्याने लावा, मिनिटभर ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. त्या जागेचं वॅक्सही निघालेलं असेल, ते पुन्हा लावा. यानेही गेले नाहीत, तर ते रुतलेले आहेत. तिथे पॉलिशच लागेल.

उन्हाळ्यात टंचाई सुरू झाली की पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर महापालिका बंदी घालतात, दंडही करतात. अशा वेळी ‘रिन्सलेस वॉश’ हा चांगला पर्याय आहे. बादलीभर पाण्यात या वॉशचा झाकणभर द्रव, त्यात भिजवलेले सात-आठ मायक्रोफायबर. प्रत्येक फडक्याच्या चार घड्या घाला, एक बाजू एका भागावर एकदाच फिरवा, मग स्वच्छ बाजू घ्या. नंतर पाणी मारावं लागत नाही. फक्त गाडीवर चिखल असेल तर हा मार्ग नाही. आधी चिखल वाहत्या पाण्याने काढायलाच हवा.

डाग पडले तर

*पक्ष्यांची विष्ठा.* हिच्यात आम्ल असतं आणि कबुतरांच्या शहरात ही रोजची बाब आहे. कडक उन्हात काही तासांतच खूण उमटते. वाळलेली विष्ठा नखाने किंवा फडक्याने खरवडू नका. तिच्यात दाण्यांची टरफलं आणि खडे असतात. पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर तिच्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग उचलून घ्या. गाडीत टिश्यू आणि पाण्याची बाटली नेहमी असू द्या.

*आंब्याखालचा चिकटा.* मोहराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेली गाडी सकाळी चिकट झालेली असते. हा झाडाचा चीक नसतो. मोहरावरचे तुडतुडे जो गोड द्रव टाकतात, तो असतो. राहू दिला तर त्यावर काळी बुरशी धरते. कोमट पाणी आणि शॅम्पूने ओलं फडकं पाच मिनिटं ठेवलं की सुटतो. मोहर संपेपर्यंत गाडी दुसरीकडे लावणं हाच खरा उपाय.

*डांबर.* नव्या रस्त्यावरून आल्यावर दारांखाली काळे ठिपके दिसतात. टार रिमूव्हर मिळतो. नसेल तर फडक्याच्या टोकावर थोडं रॉकेल घेऊन ठिपक्यावर धरा, विरघळलं की टिपा आणि ती जागा लगेच शॅम्पूने धुवा. पूर्ण दारावर रॉकेल फिरवू नका.

*सिमेंटचे शिंतोडे.* मेट्रोच्या किंवा इमारतींच्या कामाशेजारी गाडी लावणाऱ्यांची ही तक्रार असते. ओले असतील तर तिथल्या तिथे पाणी मारा. वाळून दगड झाले असतील तर व्हिनेगर-पाण्यात भिजवलेला फडका त्यावर ठेवा आणि मऊ होऊ द्या, गरज पडली तर पुन्हा ठेवा. पत्री, ब्लेड, चावी यांपैकी काहीही लावू नका. दोन-तीनदा करूनही हललं नाही, तर जाणकाराकडे न्या.

*दसऱ्याची पूजा.* बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं आणि झेंडूचा हार. हे व्हायलाच हवं. फक्त चार गोष्टी सांभाळा. आदल्या दिवशी गाडी धुऊन बॉनेटवर वॅक्सचा हात द्या, म्हणजे हळद-कुंकू थेट रंगावर बसत नाही. स्वस्तिक काचेवर काढलं तर आणखी चांगलं. हार तारेत ओवलेला घेऊ नका. गाडी चालू लागली की तार बॉनेटवर घासते. आणि ओली फुलं दुसऱ्या दिवशी काढा, चार दिवस कुजू देऊ नका. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहिलाच, तर चोळत बसू नका. हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका पडत जातो.

*रंगपंचमी आणि मिरवणुकीतला गुलाल.* कोरडी पूड आधी पाण्याने वाहून जाऊ द्या, मग हात लावा. उलट केलं तर पूड घासली जाते.

कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा गाडीच्या खालच्या बाजूला आणि चाकांच्या कमानींत साधं पाणी मारावं. खारी हवा आणि लाल माती तिथे साचली की गंज आतून धरतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. पावसाळ्याआधी ती मोकळी आहेत का, बघा.

पॉलिश, वॅक्स, क्ले: कशाचं काम काय

क्ले बार हा मळलेल्या कणकेइतका मऊ गोळा. धुऊनही न निघणारे, रंगात रुतलेले कण तो उपटतो. त्याची गरज आहे का, हे कळायला धुतलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवा. काही जागा खरखरीत लागल्या तर क्ले करा. शॅम्पूचं पाणी भरपूर मारून गोळा हलक्या हाताने सरकवा, मळला की घडी घालून नवी बाजू काढा. हातातून जमिनीवर पडला, तर तो टाकून द्या. वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

कंपाउंड आणि पॉलिश यांत घासणारे कण असतात. कंपाउंडमध्ये जाड, पॉलिशमध्ये बारीक. ते ओरखडा भरत नाहीत. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट करतात. टूथपेस्टही तेच करते, पण तिचे कण रंगासाठी बनवलेले नसतात. तिच्याने एक ओरखडा जातो आणि धूसर पट्टा राहतो.

वॅक्स काही घासत नाही. ते वर बसतं, पाणी निथळवतं आणि घाण थेट रंगाला चिकटू देत नाही. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. त्याने गहिरी चमक येते, पण आपल्या उन्हात ते महिना-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट चार ते सहा महिने टिकतो. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना मी सीलंटच सुचवेन: एकदा मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, आणि एकदा दिवाळीनंतर. थर पातळ द्या. जाड लावल्याने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचा त्रास वाढतो. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात.

क्रम असा: धुणं, क्ले, गरज असेल तरच पॉलिश, आणि शेवटी वॅक्स किंवा सीलंट.

ओरखडा पॉलिशने जाईल की नाही, हे नखाने कळतं. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने फरक पडेल. अडकलं तर ओरखडा खोल आहे. तिथे टच-अपचा रंग लागेल. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी टच-अप कराच, नाहीतर गंज रंगाखालून पसरतो.

घरी पॉलिश करणार असाल तर एवढं पाळा:

- हाताने एखादी खूण, एखादं दार एवढंच नीट होतं. पूर्ण गाडीसाठी ड्युअल ॲक्शन मशीन घ्या. गॅरेजमधलं वेगाने गोल फिरणारं रोटरी मशीन नवख्या हाताने क्षणात रंग जाळतं.
- सगळ्यांत बारीक पॉलिश आणि मऊ पॅड यांनी सुरुवात करा. फुटभर जागेवर करून उन्हात बघा. तेवढ्याने काम झालं तर पुढे जाऊ नका.
- बॉनेट-दारांच्या कडा आणि उठावाच्या रेषा यांवर मास्किंग टेप लावा. तिथे रंग सगळ्यांत पातळ असतो आणि मशीन तिथेच जास्त घासतं.
- मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश आणि साधं वॅक्स दोन्ही वर्ज्य. चकचकीत चट्टा पडला की तो परत मॅट होत नाही.
- बॉडीशॉपमध्ये नुकताच रंगवलेला भाग महिना-दोन महिने वॅक्सविना ठेवा. त्यातले द्रव उडून जायला वेळ लागतो. कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीला हा नियम नाही, तिचा रंग भट्टीत भाजलेला असतो.

एक फसवणूक ओळखून ठेवा. काही पॉलिशमध्ये तेलं आणि भराव असतो. त्याने ओरखडे झाकले जातात, गाडी ताब्यात घेताना लखलखते आणि दोन-तीन धुण्यांत सगळं पुन्हा दिसतं. काम करून घेतल्यावर एका जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचं सारखं मिश्रण लावून पुसायला सांगा. ओरखडे परत आले, तर ते झाकले होते, काढले नव्हते.

कोटिंग घ्यावं का?

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकायुक्त द्रव, जो वाळून कडक थर होतो. पाणी आणि घाण त्यावर टिकत नाही, धुणं सोपं होतं, काही वर्षं चालतं. हे खरे फायदे आहेत. मात्र ‘नाइन एच’ हा आकडा पेन्सिलीच्या चाचणीचा आहे. त्याचा अर्थ गाडीला आता काही होणार नाही, असा नाही. महामार्गावर उडालेला खडा, पोरांनी ओढलेली चावी, कोरडा फडका यांपैकी काहीही ते थांबवत नाही. बोअरच्या पाण्याचे ठिपके त्यावरही पडतात. आणि खाली ओरखडे असतील तर ते तसेच झाकून ठेवतं, त्यामुळे आधी पॉलिश नीट झालेलं असावं लागतं. खऱ्या कामाचा बराच खर्च त्या तयारीचाच असतो.

घरी हौसेने व्यावसायिक दर्जाची बाटली आणू नका. पुसायला थोडा उशीर झाला तर काळपट चट्टे बसतात, आणि ते काढायला पुन्हा पॉलिश लागतं. धुतल्यावर मारायचा सिलिकाचा स्प्रे घरच्यासाठी पुरेसा आहे.

पीपीएफ ही पारदर्शक फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड. खड्यांपासून खरं संरक्षण हीच देते आणि म्हणूनच महाग असते. सतत महामार्गावर असणाऱ्यांनी पुढचा बंपर, बॉनेटचा पुढचा भाग आणि आरसे एवढ्यालाच लावली तरी भागतं.

‘टेफ्लॉन कोटिंग’ मात्र सोडून द्या. टेफ्लॉन सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं; तव्यावर ते बसवायला तशीच उष्णता लागते. गाडीचा रंग ती सहन करू शकत नाही. त्या नावाखाली तुम्हाला मिळतं ते बहुधा पॉलिश आणि वॅक्सच.

कव्हरबद्दलही सांगतो. धुळीच्या गाडीवर घातलेलं आणि वाऱ्याने हलणारं कव्हर दिवसभर घासत राहतं. प्लास्टिकचं कव्हर ओल अडकवतं. बंद पार्किंगमध्ये स्वच्छ गाडीवर मऊ अस्तराचं कव्हर ठीक. उघड्यावर, रोज काढ-घाल करायची असेल, तर न घातलेलं बरं.

शोरूममध्ये आणि डिटेलिंगवाल्याकडे तुमचे हक्क

- कोटिंगचं पॅकेज घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा. एक वस्तू विकताना दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची सक्ती करणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा आहे.
- नव्या गाडीची नोंदणी होण्याआधी ती दिवसाच्या उजेडात बघा. बॉनेट, टप, दारं तिरप्या नजरेने पाहा, रंगछटेत फरक असेल तर विचारा. गाडी ताब्यात देताना कोरडी पुसू नका, पॉलिश मारू नका, असं आधीच सांगा.
- कंपनीची वॉरंटी रंगाच्या मूळ दोषासाठी असते. पक्ष्यांची विष्ठा, खडे, रसायनं यांनी झालेलं नुकसान सहसा तिच्यात धरत नाहीत. पुस्तिकेतलं ते पान गाडी घेतल्या दिवशीच वाचा.
- ‘पाच वर्षांची गॅरंटी’ कशाची, हे लेखी घ्या. दरवर्षी पैसे देऊन देखभाल करून घेण्याची अट त्यात असते का, बघा.
- गाडी देताना सर्व बाजूंचे फोटो काढा, परत घेताना पुन्हा बघा. कामात ओरखडा किंवा जळका पट्टा पडला, तर गाडी बाहेर काढण्याआधी तो जॉब कार्डवर लिहून घ्या.
- बिल मागा. बिल नाकारणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलाशिवाय तक्रार लढवणं अवघड जातं.
- किरकोळ ओरखड्यासाठी विम्याचा दावा करण्याआधी हिशेब करा. दावा केला की नो क्लेम बोनस जातो. सलग पाच वर्षं दावा न करणाऱ्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट असते. एका दाराच्या रंगकामासाठी ती घालवणं बहुतेक वेळा परवडत नाही.

बोलून प्रश्न सुटला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तक्रार ऑनलाइन करता येते आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, म्हणून बिल, जॉब कार्ड आणि फोटो तोवर नीट सांभाळून ठेवा.